कोथिंबीर, ढेकूण आणि माझा चुकलेला प्रश्न

आमच्या बदलापूरच्या घरात गेल्या पावसाळ्यात कोथिंबिरीवरून तीन दिवस अबोला होता. हसू आलं तर हसा, मीही नंतर हसले. पण तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी त्या अबोल्यात रिसर्च मेथडॉलॉजीच्या अख्ख्या पेपरएवढा माल आहे. म्हणून आज पॉलिमर बाजूला ठेवून स्वयंपाकघरात शिरते.

झालं असं. दादाच्या लग्नाला सहा-सात महिने झाले होते. वहिनीचं माहेर अंबरनाथ, शिवमंदिराच्या बाजूला. घरात आल्यापासून ती पोह्यांवरची, आमटीतली, खिचडीवरची कोथिंबीर एकेक पान वेचून ताटाच्या कडेला ठेवायची. गाजावाजा न करता, बोलता बोलता. आई बघायची आणि काही म्हणायची नाही. आणि आमच्या आईचं काही न म्हणणं हे म्हणण्यापेक्षा जड असतं. मग एका रविवारी आईने कोथिंबीर वडी केली. ही तिची खासियत, पाहुण्यांना डब्यात भरून द्यायची वस्तू. वहिनीने एकही घेतली नाही. आई म्हणाली, "का गं, नाक का मुरडतेस?" वहिनी बिचारी खरं बोलली. "आई, मला त्याला ढेकणाचा वास येतो."

संपलं. "माझ्या घरात? ढेकूण?"

पुढचे तीन दिवस आई दादाशी बोलत होती, माझ्याशी बोलत होती, अगदी भाजीवाल्याशीही बोलत होती. वहिनी स्वयंपाकघरात आली की मात्र कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू यायच्या. आईचा युक्तिवाद तसा बिनतोड होता. "ती धने खाते. गोडा मसाला आवडीने खाते. मग त्याच झाडाचं पान का चालत नाही? नखरे आहेत." वर ही वस्तू अशी, की भाजीबरोबर ती फुकट मिळणं हा आपण हक्क समजतो. २०२४ मध्ये मुंबईतल्या एका आईला ब्लिंकिटवर कोथिंबिरीचे पैसे मोजावे लागले, मुलाने ते जाहीर सांगितलं आणि कंपनीने भाजीबरोबर फुकट कोथिंबीर द्यायला सुरुवात केली, ही बातमी तुम्हाला आठवत असेल. फुकटची, हिरवीगार, सगळ्या पदार्थांवर पेरायची वस्तू सून वेचून काढते, म्हणजे सासूच्या हातालाच नावं ठेवते, असा त्याचा अर्थ आमच्याकडे लागला होता.

अशा वेळी घरातल्या पीएचडीवालीने काय करावं? मी तेच केलं जे आपण सगळे करतो. अर्धवट आठवणारा एक पेपर बाहेर काढला.

तो पेपर खरंच प्रसिद्ध आहे. २०१२ साली निकोलस एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 'फ्लेवर' नावाच्या नियतकालिकात छापलेला. '२३अँडमी' या जनुकतपासणी कंपनीच्या ग्राहकांना त्यांनी साधे प्रश्न विचारले: ताजी कोथिंबीर तुम्हाला साबणासारखी लागते का, आणि ताजी कोथिंबीर आवडते का. पहिल्या प्रश्नाची १४,६०४ लोकांची उत्तरं त्यांच्या जनुकीय माहितीशी ताडून पाहिली. मग दुसऱ्याच ११,८५१ लोकांची आवडी-निवडीची उत्तरं घेऊन निष्कर्ष पुन्हा तपासला. अकराव्या गुणसूत्रावर वास ओळखणाऱ्या जनुकांचा एक झुबका आहे, तिथला एक बारीकसा फरक 'साबण लागतो' या उत्तराशी जोडलेला निघाला. त्या झुबक्यात ओआर६ए२ नावाचं जनुक आहे. त्यापासून बनणारा ग्राहक रेणू कोथिंबिरीच्या वासातले अल्डिहाइड चांगले पकडतो. तेव्हापासून 'कोथिंबीर न आवडणं जनुकीय असतं' हे वाक्य इंटरनेटवर पावसाळी गवतासारखं उगवलेलं आहे.

मीही तेच वाक्य आईला ऐकवलं आणि वर पुरावा म्हणून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गुगल फॉर्म टाकला. दोन प्रश्न. कोथिंबीर आवडते का? ती साबणासारखी लागते का? मामा, मावशी, काकू, चुलतभाऊ धरून एकोणीस जणांनी भरला. साबणाला 'हो' म्हणणारे शून्य. आणि वहिनीचं उत्तर काय होतं माहितीये? आवडते का, तर 'ठीक आहे'. साबण लागतो का, तर 'नाही'.

म्हणजे माझ्या सर्वेक्षणाप्रमाणे जिच्यामुळे घरात अबोला होता, ती बाई कोथिंबीर न आवडणाऱ्यांत नव्हतीच!

इथे जरा थांबते, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक प्रश्नावलीवर काम करणार आहेत. फॉर्ममध्ये मी दोन चुका केल्या होत्या. पहिली लगेच दिसते. फॉर्मवर नाव लिहायचं होतं आणि ग्रुपमध्ये सासू, दोन चुलत सासवा आणि आत्या होत्या. अशा ठिकाणी नवी सून 'मला आवडत नाही' असं लिहील का? 'ठीक आहे' हे तिचं कोथिंबिरीबद्दलचं मत नव्हतं, ते ग्रुपबद्दलचं मत होतं. माणूस विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतो, हे पुस्तकात वाचलेलं असतं. आपल्याच घरातली माणसं समोर असली की विसरायला होतं.

दुसरी चूक जास्त खोल आहे आणि ती मला दोन दिवस कळलीच नाही. वहिनीने साबणाला 'नाही' लिहिलं ते खरंच होतं. तिला साबणाचा वास येत नाही. तिला ढेकणाचा येतो. तिने तो शब्द आधीच, स्वतःहून, सगळ्यांसमोर सांगितला होता. आईने तो अपमान म्हणून ऐकला आणि मी उपमा म्हणून. दोघींनीही ती माहिती आहे असं मानलंच नाही. मी परदेशातल्या पेपरमधला 'साबण' उचलला, मराठीत लिहिला आणि तिच्या तोंडात कोंबला.

आता रसायनशास्त्र बघा, कारण इथे माझी मान खाली गेली. कोथिंबिरीच्या पानाचा वास मुख्यतः अल्डिहाइड गटातल्या रेणूंचा असतो. डेकॅनल, २-डेसेनल, २-डोडेसेनल ही त्यातली ठळक नावं. आणि ढेकूण घाबरला की जो वास सोडतो त्यात २-हेक्सेनल आणि २-ऑक्टेनल असतात. नावं नीट वाचा. एकाच खानदानातली भावंडं आहेत ही, कार्बनची साखळी तेवढी लांब-आखूड. युरोपात तर कोथिंबिरीच्या ग्रीक नावाचं मूळच 'कोरिस', म्हणजे ढेकूण, या शब्दाशी जोडतात. वहिनी बी.कॉम. आहे. तिने यातलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. तिने फक्त नाकाला जे कळलं ते सांगितलं आणि ते माझ्या एम.एस्सी.पेक्षा नेमकं होतं.

आणि आईचा 'धने चालतात मग पान का नाही' हा प्रश्न? तोही इथेच सुटतो. धन्यांच्या वासात राज्य लिनॅलूल या रेणूचं आहे. तो अल्डिहाइड नाही, अल्कोहोल गटातला आहे आणि त्याचा वास गोडसर, फुलांकडे झुकणारा. झाड एक, पण पान आणि बी यांचा वास वेगळ्या रेणूंचा. तेव्हा धने आवडणं आणि कोथिंबीर नावडणं यात काडीचाही विरोध नाही. उलट मला तो पुरावाच वाटला. नुसते नखरे असते, तर 'कोथिंबिरीचं काहीही नको' असं सरसकट नाव घेऊन नकार आला असता. वहिनीचा नकार बरोबर पानापाशी सुरू होत होता आणि धन्यापाशी संपत होता.

पण 'जनुकीय आहे' हे मी आईला जे छातीठोकपणे सांगितलं, ते मात्र मला मागे घ्यावं लागलं. एरिक्सनच्या पेपरात एक आकडा आहे जो बातम्यांमध्ये कधी येत नाही. साबण लागण्या-न लागण्यात लोकांमध्ये जो फरक आहे, त्यातला सामान्य जनुकीय फरकांनी किती समजावता येतो? त्यांच्या गटात तो वाटा ०.०८७ निघाला. म्हणजे शेकडा नऊपेक्षाही कमी. लेखकांनी स्वतःच तो 'कमी' म्हटला आहे, सारांशातच. आणि हे शेकडा नऊ म्हणजे 'वहिनीच्या नावडीतला नऊ टक्के भाग जनुकांचा' असंही नव्हे. हा आकडा एका मोठ्या गटातल्या फरकाबद्दल बोलतो, एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय तो सगळा गट युरोपीय वंशाचा होता. तिथून थेट अंबरनाथला उडी मारता येत नाही. सिनॉप्सिस लिहिताना 'अमुक यांनी सिद्ध केले आहे' असं लिहिण्याआधी सारांश तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जा. मी वाचला नव्हता.

त्याच वर्षी टोरांटोतल्या २० ते २९ वयाच्या तरुणांवर एक अभ्यास झाला होता. कोथिंबीर न आवडणारे पूर्व आशियाई मुळाच्या लोकांत २१ टक्के निघाले, युरोपीय मुळाच्या लोकांत १७, दक्षिण आशियाई मुळाच्या लोकांत ७ आणि मध्यपूर्वेतल्या मुळाच्या लोकांत ३. हा तक्ता बघून पहिला विचार 'जनुकं' असा येतो. दुसरा यायला हवा तो असा: ज्यांच्या घरी कोथिंबीर रोज पानात असते, त्यांच्यातच नावड कमी आहे. मग हे रक्तातलं की सवयीतलं? या तक्त्यावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. मुळं आणि स्वयंपाकघरं एकत्रच वारशाने मिळतात, तिथेच तर गोची आहे.

तिसरी शक्यता आठवणीची. १९५५ साली जॉन गार्सिया आणि सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरीनचं गोड पाणी देताना किरणोत्सर्गाचा मारा केला, ज्याने त्यांना मळमळ होते. उंदरांनी नंतर गोड पाण्याकडे पाठ फिरवली. पुढच्या कामातून कळलं की चव आणि आजारपण यांची अशी गाठ एकदाच पडली तरी पुरते, मध्ये काही तास गेले तरी चालतं. तुमच्यातही कोणी असेल, जे एकदा श्रीखंड खाऊन ओकलं आणि त्यानंतर श्रीखंडाचं नाव काढत नाही. त्यात श्रीखंडाचा दोष नसेलही, पण पोट अपील ऐकून घेत नाही. वहिनी म्हणते, लहानपणी चाळीत राहत होते तेव्हा लोखंडी खाटेवर उकळतं पाणी ओतल्याचं आठवतं, आणि तो वास. मग ही नावड त्या आठवणीची का? याची खातरजमा करायला मी अंबरनाथला तिच्या आईकडे गेले होते. ते शेवटी सांगते.

तोवर घरात दुसरंच शिजत होतं. आईने सुचवलं, "बारीक वाटून आमटीत घालते. तिला कळणारसुद्धा नाही. मग सांगू." हे घराघरांत होतं. ज्याला वांगं आवडत नाही त्याला भरितात लपवून, ज्याला कांदा नको त्याला वाटणात घालून. मी आईला नको म्हटलं. एक तर पकडलं गेलं की त्या माणसाचा तुमच्या हातच्या कुठल्याच पदार्थावर विश्वास राहत नाही. दुसरं, न आवडणं आणि न सोसणं यातला फरक बाहेरून दिसत नाही; ज्याला आपण नखरा समजतो ती एखाद्याची अ‍ॅलर्जी असू शकते, मग वाटून घातलेला घास दवाखान्यात नेतो. आणि तिसरं, तुम्ही उद्या माणसांवर कुठलाही प्रयोग करणार असाल, तर संस्थेच्या नैतिकता समितीपुढे पहिला प्रश्न हाच येईल: त्यांना माहीत होतं का, त्यांनी होकार दिला का, मध्येच थांबायची मुभा होती का? घरातल्या सुनेला यातलं काहीच लागू नाही, असं आपल्याला का वाटतं कोण जाणे.

म्हणून मी वहिनीलाच विचारलं. ती म्हणाली, "कर. पण आईपण बसल्या पाहिजेत." मला हे सुचलंच नव्हतं. तुलनेसाठी दुसरा माणूस लागतो, हे प्रयोगशाळेत मी रोज करते.

आम्ही केली ती त्रिकोणी चाचणी. १९४०च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत बिअर तपासायला ही पद्धत वापरली गेली आणि आज अन्नशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ती आहे. तीन वाट्या द्यायच्या. दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कुठली ते ओळखायचं. काहीच कळत नसेल तरी अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, हे आधीच हिशेबात धरलेलं असतं. हीच तिची गंमत: 'मला वाटतं' याला इथे जागा नाही.

साधं तुरीचं वरण, फोडणीशिवाय. दादा स्वयंपाकघरात वाट्या भरायचा, वाटीखाली तीन आकडी नंबराची चिठ्ठी चिकटवायचा आणि वाट्यांचा क्रम चिठ्ठ्या उडवून ठरवायचा. मी बाहेर नेऊन द्यायचे. मलाही माहीत नसायचं कुठल्या वाटीत काय आहे. कारण माहीत असतं तर ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं. दोघींच्या डोळ्यांवर ओढणी. मध्ये पाणी आणि पांढऱ्या भाताचा घास. वरण सगळं सारखंच कोमट, कारण गरम वाटीतून वास जास्त उठतो.

तरी पहिल्या संध्याकाळी घोळ झालाच. वहिनी सगळ्या वेळी बरोबर, आईही बरोबर, मी खूश. मग आई म्हणाली, "अगं, जिभेला पान लागतं की." म्हणजे आम्ही वास मोजतच नव्हतो, चिरलेलं पान मोजत होतो. त्या संध्याकाळचे सगळे आकडे टाकून दिले. पुढच्या वेळेपासून कोथिंबीर वरणात दहा मिनिटं ठेवून गाळणीने गाळून घेतली, आणि कोथिंबीर नसलेलं वरणही गाळलं. हे आकडे उत्तर मनाजोगं नव्हतं म्हणून नाही टाकले, उलट ते मनाजोगंच होतं. मोजमाप चुकलं होतं. हा फरक स्वतःशी प्रामाणिकपणे करता येणं पुढे तुम्हाला फार उपयोगी पडेल, कारण तुमच्या गाईडला तो दिसणार नाही.

तीन संध्याकाळी मिळून प्रत्येकीच्या नऊ फेऱ्या झाल्या. कच्च्या कोथिंबिरीचं वरण वहिनीने नऊपैकी आठ वेळा ओळखलं. नुसत्या अंदाजाने आठ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता हजारात एक. आईने सात वेळा ओळखलं. ती शक्यता शंभरात एकाहून कमी. (सात आणि आठ यांत फरक आहे असं म्हणू नका. आई म्हणू देणार नाही.)

आता या निकालाकडे जरा टक लावून बघा. मला वाटत होतं, वहिनीला वास येतो आणि आईला येत नाही, म्हणून एकीला नावडतं आणि दुसरीला आवडतं. निघालं भलतंच. वास दोघींना येतो, लख्ख येतो. आईला तो आवडतो. त्रिकोणी चाचणी 'कळतं का' एवढंच सांगते, 'रुचतं का' हे ती सांगूच शकत नाही. त्यासाठी वेगळी मोजपट्टी लागते. 'अतिशय आवडलं' ते 'अतिशय नावडलं' अशी नऊ पायऱ्यांची जी मोजपट्टी अन्नशास्त्रात सर्रास वापरतात, ती अमेरिकी सैन्याच्या जेवणासाठी तयार झाली होती. सैनिकाला कळतं काय याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. तो ताटात टाकतो काय, हा प्रश्न होता. आमच्या घरातही प्रश्न तोच होता आणि मी उत्साहाच्या भरात भलतीच चाचणी लावून बसले होते.

निदान एक काम झालं. 'तिला काही कळत नाही, उगाच करते' हे वाक्य आमच्या घरातून कायमचं गेलं. आईने स्वतःच्या डोळ्यांवर ओढणी बांधून नंतर ते आकडे वाचले होते.

पुढची फेरी जेवणाच्या उपयोगाची. अन्नविज्ञानावर लिहिणाऱ्या हॅरल्ड मॅगी यांनी (नूडल्सशी संबंध नाही) २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये एका जपानी अभ्यासाचा हवाला देऊन लिहिलं होतं, की पानं चेचली की त्यातली विकरं त्या अल्डिहाइडांचं रूपांतर सौम्य रेणूंमध्ये करू लागतात. आम्ही कोथिंबीर पाट्यावर वाटली, अर्धा तास ठेवली, मग वरणात घालून चांगली उकळली आणि गाळली. वहिनीने नऊपैकी चार वेळा ओळखलं. अंदाजाने चार किंवा जास्त यायची शक्यता शंभरात पस्तीस. म्हणजे तिला आता कळत नाही? नाही, असं म्हणता येत नाही. नऊ फेऱ्यांत फरक दिसला नाही, एवढंच. फरक बारीक असेल तर नऊ फेऱ्यांच्या जाळीतून तो सहज निसटतो. शिवाय वाटण्याने गेला की उकळण्याने, तेही सांगता येत नाही, कारण मी दोन्ही एकदम बदललं. घाईत होते, गाडी गाठायची होती. पण तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "काहीतरी आहे. पण ढेकूण नाही." नऊ पायऱ्यांच्या मोजपट्टीपेक्षा हे वाक्य मला जास्त कामाचं वाटलं.

मग जेवण कसं करायचं? यात मला एक साधी गोष्ट दिसली, जी कुठल्या पेपरात नव्हती. नावडती वस्तू पदार्थात कधी शिरते, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे कोथिंबीर बहुतेक वेळा शेवटी येते. पोहे, उपमा, आमटी, मिसळ, सगळीकडे गॅस बंद केल्यावर, ओल्या खोबऱ्याबरोबर, वरून. म्हणजे पेरण्याआधी एक वाटी बाजूला काढली की प्रश्न मिटला, वेगळा स्वयंपाक नको. कांदा-लसणाचं तसं नाही. ते फोडणीतच पडतात, पहिल्या मिनिटाला, मग पुढचा पदार्थ त्यांचाच होतो. ज्या घरात एक जण चातुर्मास पाळतो आणि बाकीचे पाळत नाहीत, तिथे दोन पातेली लागतात ती म्हणून. हिरवी चटणी, वाटण आणि वडी हे कोथिंबिरीचे कांदा-लसणासारखे प्रकार. तिथे ती सुरुवातीलाच आहे. वाटणात आता आम्ही कोथिंबीर आधी वाटून ठेवतो आणि नीट उकळतो. चटणी दोन करतो, एक पुदिना आणि ओल्या खोबऱ्याची. वहिनीच्या वाटीवर वरून कढीपत्त्याची फोडणी आणि लिंबू. दिसायला हिरवं असतं, त्यामुळे पाहुण्यांसमोर कोणी विचारत नाही.

वडीवर इलाज सापडला नाही. वडी ती वडीच.

हे सगळं चालू असताना आई एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुला शेपू आवडत नाही म्हणून सत्तावीस वर्षं या घरात शेपू आलेला नाही. तुला कोणी नखरे म्हटलं?" मी गप्प. खरंच आहे. मला शेपवाच्या वासाने मळमळतं, आणि ही गोष्ट घरात 'नखरा' नव्हती, 'तिला चालत नाही' एवढीच होती. लेकीची नावड म्हणजे स्वभाव आणि सुनेची नावड म्हणजे नखरा, हा फरक कुठल्याही वाटीखाली नंबर चिकटवून मोजला नव्हता, आणि गंमत म्हणजे तो आईलाच आधी दिसला.

त्यात भर अशी, की उल्हासनगरला माझी एक सिंधी मैत्रीण आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. जुनी माणसं अजून पत्ता 'कॅम्प' असाच सांगतात. तिच्याकडे मी साई भाजी दोनदा मागून खाल्ली होती. पालक, चुका, हरभऱ्याची डाळ, सगळं घोटलेलं. वरचं रामायण ऐकल्यावर ती शांतपणे म्हणाली, "उसमें सुवा होता है." सुवा म्हणजे शेपू. मला कोणी लपवून घातला नव्हता, मी विचारलं नव्हतं. तेव्हा मला शेपू नावडतो की शेपवाची मोकळी भाजी? माहीत नाही, अजून वाट्या मांडल्या नाहीत.

राहता राहिली अंबरनाथची गोष्ट. वहिनीच्या आईने चहा दिला, बेसनाचे लाडू दिले, मी वही काढली आणि जमेल तितक्या आडवळणाने विचारलं, "काकू, पूर्वी चाळीत असताना घरात ढेकूण वगैरे?"

काकूंनी कप खाली ठेवला. "आमच्या घरात? ढेकूण?"